नेहेम्या नीळकंठशास्त्री गोऱ्हे

नेहेम्या नीळकंठशास्त्री गोऱ्हे (८ फेब्रुवारी १८२५ – २९ ऑक्टोबर १८९५) हे एकोणिसाव्या शतकातील संस्कृत पंडित, ख्रिस्ती धर्मशास्त्राचे अभ्यासक आणि अँग्लिकन चर्चचे धर्मगुरू होते. काशीतील एका मराठी चित्पावन ब्राह्मण कुटुंबात ते वाढले. ख्रिस्ती मताचे खंडन करण्यासाठी त्यांनी ऐन विशीत शास्त्रतत्त्वविनिर्णय हा संस्कृत ग्रंथ रचला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८४८ साली, स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला. हिंदू षड्दर्शनांची चिकित्सा करणारा षड्दर्शनदर्पण हा त्यांचा प्रमुख ग्रंथ होय. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी पुण्यातील पंचहौद मिशन, मुंबई, इंदूर, चांदा (चंद्रपूर) इत्यादी ठिकाणी धर्मकार्य केले. पंडिता रमाबाई यांच्या ख्रिस्ती धर्मस्वीकारामागील विचारप्रक्रियेत त्यांच्या पत्रव्यवहाराचा मोठा वाटा होता. फादर गोऱ्हे या नावानेही ते ओळखले जातात.

नाव

त्यांचे मूळ नाव नीळकंठ शिवराम गोऱ्हे. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांनी बायबलच्या जुन्या करारातील नेहेम्या हे नाव घेतले. तथापि नीळकंठ हे नाव सोडले नाही. मराठी लेखनात त्यांच्या आडनावाची गोऱ्हे आणि गोरे, तर नावाची नीलकंठ आणि नीळकंठ अशी दोन्ही रूपे आढळतात.

पूर्वपीठिका व बालपण

गोऱ्हे घराणे मूळचे कोकणातील होते. पेशवाईच्या काळात अनेक कोकणस्थ ब्राह्मण कुटुंबे मराठी सत्तेबरोबर उत्तरेकडे गेली. त्यांपैकीच हे एक होय. नीळकंठ यांचे आजोबा बुंदेलखंडातील बांदा येथील नवाबांच्या सेवेत कारभारी होते. हे नवाब थोरले बाजीराव पेशवे आणि मस्तानी यांच्या वंशातील होत. नीळकंठ यांचा जन्म झाशीजवळील काशीपुरा या गावी झाला. पुढे कुटुंब काशीला स्थायिक झाले आणि तेथेच त्यांचे शिक्षण झाले.

वडील शिवरामपंत हे धर्मनिष्ठ गृहस्थ होते. घरात मराठी बोलली जाई, परिसराची भाषा हिंदी होती आणि विद्येची भाषा संस्कृत होती. या तिन्ही भाषांवरील प्रभुत्व गोऱ्हे यांना पुढे आयुष्यभर उपयोगी पडले. काशीच्या पंडितपरंपरेत त्यांनी व्याकरण व न्यायशास्त्राचे अध्ययन केले. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडून मग त्याचे खंडन करण्याची शास्त्रीय वादाची पद्धत त्यांच्या अंगी येथेच बाणली. कुटुंब शिवोपासक होते. परंतु तारुण्यात शास्त्रवाचनानंतर नीळकंठ विष्णुभक्तीकडे वळले. विचारांती पटलेल्या गोष्टीसाठी घराण्याची रीत सोडण्याची ही त्यांची पहिली वेळ होती.

शास्त्रतत्त्वविनिर्णय

ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील स्कॉटिश अधिकारी व संस्कृतज्ञ जॉन म्यूर यांनी १८३९ साली मतपरीक्षा नावाचा ग्रंथ संस्कृतात प्रसिद्ध केला. खऱ्या धर्माची लक्षणे कोणती आणि ती ख्रिस्ती धर्मालाच कशी लागू पडतात, हे त्यात प्रतिपादन केले होते. या ग्रंथाला हिंदू पंडितांकडून संस्कृतातच तीन उत्तरे आली. पहिले उत्तर सोमनाथ या नावाने लिहिणाऱ्या पंडिताचे, दुसरे बंगालमधील हरचंद्र तर्कपंचानन यांचे आणि तिसरे, सर्वांत विस्तृत, नीळकंठ गोऱ्हे यांचे होते. १८४४-४५ च्या सुमारास रचलेल्या या उत्तराचे नाव शास्त्रतत्त्वविनिर्णय असे आहे. त्या वेळी गोऱ्हे विशीच्या उंबरठ्यावर होते.

या ग्रंथात गोऱ्हे यांनी दोन प्रकारचे मुद्दे मांडले. पहिला मुद्दा तर्काच्या मर्यादेचा आहे. ईश्वरविषयक सत्य केवळ तर्काने ठरत नाही, तेथे श्रद्धा आधी असावी लागते. म्हणून एका धर्माच्या शास्त्राला तर्काची कसोटी लावणाऱ्याने ती स्वतःच्या शास्त्रालाही लावली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरा मुद्दा न्यायाचा आहे. जन्मतःच कोणी सुखी तर कोणी दुःखी का, याचे उत्तर कर्मसिद्धांत देतो. ख्रिस्ती मत पूर्वजन्म मानत नसल्याने ही विषमता ईश्वराच्या माथी येते, असा त्यांचा आक्षेप होता. अल्पायुषी माणसाच्या पापासाठी अनंतकाळची शिक्षा देणारा ईश्वर दयाळू कसा म्हणावा, हा प्रश्नही त्यांनी उपस्थित केला. धर्मांतरानंतर याच आक्षेपांना उत्तरे देण्याचे काम गोऱ्हे यांच्याच वाट्याला आले. अनंत शिक्षेच्या सिद्धांतावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांना उत्तर देणारे स्वतंत्र पुस्तक त्यांनी पुढे इंग्रजीत लिहिले.

शास्त्रतत्त्वविनिर्णय हा ग्रंथ दीर्घकाळ हस्तलिखित रूपात होता. सदाशिव ल. कात्रे यांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती १९५१ साली उज्जैन येथून प्रसिद्ध झाली.

धर्मांतर

चर्च मिशनरी सोसायटी ही अँग्लिकन चर्चमधील सुवार्तावादी पक्षाची संस्था काशीत कार्य करीत होती. तिचे मिशनरी विल्यम स्मिथ यांच्याशी वाद घालून त्यांना निरुत्तर करावे, या हेतूने गोऱ्हे त्यांच्याकडे जाऊ लागले. वादासाठी त्यांनी बायबलचे वाचन सुरू केले. नव्या करारातील येशूच्या डोंगरावरील प्रवचनाचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला. प्रतिपक्ष समजून घेण्यासाठी आरंभलेल्या अभ्यासातून त्यांची स्वतःच्या मतांवरील श्रद्धा हळूहळू डळमळीत झाली.

हा बदल सुखासुखी घडला नाही. कुटुंबीयांनी त्यांचे मन वळवण्याचा प्रयत्न केला आणि स्वतः गोऱ्हे यांनाही वारंवार शंकांनी घेरले. अखेर १४ मार्च १८४८ रोजी काशीपासून दूर, जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी ब्राह्मणाच्या धर्मांतराचा अर्थ जातीतून, घरातून आणि वारसाहक्काच्या व्यवहारातून बाहेर पडणे असा होता. काशीसारख्या क्षेत्रातील एका विद्वान ब्राह्मणाचे धर्मांतर ही हिंदू समाजाला धक्का देणारी, तर मिशनऱ्यांच्या दृष्टीने फार मोठी घटना ठरली.

कौटुंबिक जीवन

गोऱ्हे यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आरंभी सासरच्या कुटुंबातच राहिल्या व काही काळाने पतीकडे आल्या. ११ सप्टेंबर १८५३ रोजी त्यांना कन्या झाली. तिच्या जन्मानंतर अल्पावधीतच लक्ष्मीबाईंचे निधन झाले. मृत्यूपूर्वी त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. एलेन लक्ष्मी असे नाव ठेवलेल्या या मुलीचे संगोपन प्रथम एका युरोपीय निळीच्या मळेवाल्याच्या कुटुंबाने केले. १८५७ च्या उठावात त्या कुटुंबाची मालमत्ता गेल्यानंतर डब्ल्यू. टी. स्टॉर्स या मिशनरींनी तिला सांभाळले व इंग्लंडला नेले. गोऱ्हे यांनी पुन्हा विवाह केला नाही. जुने घर धर्मांतराने आणि नवे घर मृत्यूने तुटल्यानंतर चर्चची मंडळी हाच त्यांचा परिवार झाला.

पहिला इंग्लंड प्रवास

पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग यांनी १८५३ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८५४ साली ते इंग्लंडला गेले तेव्हा त्यांचे पंडित म्हणून गोऱ्हे त्यांच्यासोबत होते. या वास्तव्यात त्यांची प्राच्यविद्यापंडित मॅक्स म्यूलर यांच्याशी भेट झाली. म्यूलर यांनी पुढे आपल्या भारतीय मित्रांविषयीच्या आठवणींत गोऱ्हे यांच्यावर लिहिले. त्यानुसार, ख्रिस्ती म्हणवणाऱ्या देशातील प्रत्यक्ष जीवन आणि आपण शुभवर्तमानात वाचलेले जीवन यांतील अंतर पाहून गोऱ्हे अत्यंत निराश झाले होते. केवळ ग्रंथ वाचून धर्म स्वीकारलेल्या माणसाला त्या धर्माचा समाज प्रथमच जवळून दिसत होता. तरीही गोऱ्हे भारतात परतले ते ख्रिस्ती म्हणूनच. धर्माचे आचरण शिस्तीने आणि त्यागाने करणाऱ्या समुदायाचा त्यांचा शोध मात्र यानंतर अनेक वर्षे चालू राहिला.

षड्दर्शनदर्पण

१८६० साली कलकत्ता येथे गोऱ्हे यांचा षड्दर्शनदर्पण हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध झाला. संस्कृतज्ञ फिट्झएडवर्ड हॉल यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले व ते १८६२ साली प्रकाशित झाले. न्याय, वैशेषिक, सांख्य, योग, मीमांसा आणि वेदान्त या सहा दर्शनांचे सिद्धांत त्यांच्या मूळ ग्रंथांच्या आधारे मांडून लेखकाने त्यांतील विसंगती दाखवण्याचा प्रयत्न केला आहे. भारतीय दर्शनांवर त्या काळी लिहिणाऱ्या बहुतेक मिशनऱ्यांना मूळ ग्रंथांचा एवढा सखोल परिचय नव्हता. त्यामुळे विरोधकांनाही या ग्रंथाची दखल घ्यावी लागली.

ग्रंथातील सर्वांत महत्त्वाचा भाग अद्वैत वेदान्ताच्या परीक्षणाचा आहे. अद्वैत मतात पारमार्थिक, व्यावहारिक व प्रातिभासिक अशा तीन सत्ता मानल्या जातात. यांपैकी व्यावहारिक सत्ता ही संकल्पनाच टिकत नाही, असे गोऱ्हे यांचे प्रतिपादन आहे. जग एकतर आहे किंवा नाही; ते एका दृष्टीने आहे आणि दुसऱ्या दृष्टीने नाही असे म्हटल्यास ईश्वर, उपासना, पाप आणि पुण्य या सर्वच गोष्टी अज्ञानाच्या कक्षेत जातात व भक्तीला आधार उरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्याय व सांख्य दर्शनांतील अनादी जीवाच्या कल्पनेवर त्यांचा आक्षेप असा की, ईश्वराने निर्माण न केलेले काही मानले की ईश्वराचे सर्वसामर्थ्य मर्यादित होते. कर्मसिद्धांताचे जे समर्थन त्यांनी पंधरा वर्षांपूर्वी केले होते, त्याचेच खंडन आता त्यांच्या लेखणीतून झाले.

अँग्लिकन चर्चमधील दीक्षा

सुरुवातीची अनेक वर्षे गोऱ्हे यांनी चर्च मिशनरी सोसायटीचे धर्मोपदेशक म्हणून काशी व उत्तर भारतात काम केले. या काळात त्यांच्या विचारांत दुसरे स्थित्यंतर घडले. इंग्लंडमध्ये १८३३ पासून ऑक्सफर्ड चळवळीने चर्चची प्राचीन परंपरा, बिशपांची अखंड परंपरा, संस्कारविधी आणि मठवासी जीवन यांवर नव्याने भर दिला होता. या चळवळीचे नेते एडवर्ड प्यूसी यांच्या लेखनाचा गोऱ्हे यांच्यावर प्रभाव पडला. व्यक्तीने स्वतःच्या बुद्धीने बायबलचा अर्थ लावावा, एवढ्याने त्यांचे समाधान होईना. शास्त्राचा अर्थ परंपरेच्या आधारे लावणाऱ्या काशीतील शिक्षणाशी ही भूमिका जुळणारी होती, असे काही अभ्यासकांचे मत आहे. परिणामी सुवार्तावादी पक्षापासून दूर होऊन ते अँग्लो-कॅथलिक विचारांकडे वळले.

कलकत्त्याचे बिशप रॉबर्ट मिलमन यांच्या हस्ते त्यांना १८६८ साली डीकनपदाची आणि १८७० साली धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. त्यानंतर मध्य प्रांतातील चांदा येथे स्कॉटिश एपिस्कोपल चर्चच्या मिशनच्या आरंभीच्या काळात त्यांनी काम केले.

काउली संघ

१८६६ साली रिचर्ड म्यूक्स बेन्सन यांनी ऑक्सफर्डजवळील काउली येथे संत योहान सुवार्तिक संघ स्थापन केला. धर्मसुधारणेनंतर इंग्लंडच्या चर्चमध्ये टिकून राहिलेला पुरुषांचा हा पहिला मठवासी संघ मानला जातो. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन या तीन व्रतांवर त्याची उभारणी झाली होती. १८७४ साली या संघाचे सदस्य मुंबईत आले. त्यांपैकी सिमियन विल्बरफोर्स ओनील यांनी इंदूर येथे अत्यंत साधेपणाने राहून काम केले व तेथेच १८८२ साली त्यांचे निधन झाले. गोऱ्हे यांचा ओनील यांच्याशी निकटचा संबंध आला. शुभवर्तमानाप्रमाणे जगणारे जे लोक त्यांना पहिल्या इंग्लंड प्रवासात दिसले नव्हते, ते या संघात त्यांना आढळले.

१८७६ साली गोऱ्हे पुन्हा इंग्लंडला गेले आणि काउली येथे नवदीक्षित साधक म्हणून संघात दाखल झाले. भारतात परतल्यावरही ते संघाच्या नियमांनुसार राहिले. मात्र अंतिम व्रते त्यांनी अखेरपर्यंत घेतली नाहीत. संघातील धर्मगुरूंप्रमाणे त्यांनाही फादर असे संबोधले जाई.

पुण्यातील पंचहौद मिशन

पुण्यात तत्कालीन वेताळ पेठेत (आताची गुरुवार पेठ) काउली संघाने सुरू केलेले मिशन तेथील पाण्याच्या हौदांवरून पंचहौद मिशन म्हणून प्रसिद्ध झाले. १८७७ साली इंग्लंडमधील वाँटेज येथील संत मेरी संघाच्या भगिनी पुण्यात आल्या आणि मुलींचे शिक्षण, अनाथ मुलांचे संगोपन व रुग्णसेवा ही कामे त्यांनी हाती घेतली. १८८५ साली येथे पवित्र नाम चर्च उभे राहिले. त्याच्या शेजारी स्वतंत्र उभा असलेला, सुमारे १३० फूट उंचीचा घंटामनोरा आजही पुण्याच्या पूर्व भागातील ठळक खूण आहे.

पंचहौद येथील उपासना अँग्लो-कॅथलिक पद्धतीची होती. अँग्लिकन चर्चमध्ये उपासनेचा क्रम सामान्य प्रार्थनेच्या पुस्तकात ठरवून दिलेला असतो. रोजची सकाळची व संध्याकाळची प्रार्थना, स्तोत्रांचे ठरावीक पठण, बायबलमधील नेमलेले पाठ, पापांगीकार आणि प्रभुभोजन हे तिचे मुख्य घटक होत. ख्रिस्तजयंतीपूर्वीचा आगमनकाळ, चाळीस दिवसांचा उपासकाळ, दुःखसप्ताह, पुनरुत्थानाचा सण असे वर्षाचेही चक्र ठरलेले असते. उपास, मौन आणि एकांतातील चिंतन यांना काउली संघात विशेष महत्त्व होते.

जातीबाहेर पडलेल्या कुटुंबांच्या दृष्टीने ही मंडळी म्हणजे दर रविवारी प्रार्थनेला एकत्र येणारे लोक एवढाच अर्थ नव्हता. जन्म, विवाह व मृत्यू या प्रसंगी पूर्वी जातबांधव उभे राहत, त्यांची जागा आता मंडळीने घ्यावी लागे. शाळा, वसतिगृह, दवाखाना आणि चर्च एकाच आवारात असण्यामागे हेही एक कारण होते. गोऱ्हे यांचा या जीवनातील सहभाग मुख्यतः उपदेशक, शिक्षक आणि जिज्ञासूंशी चर्चा करणारे पंडित असा होता. चर्चा मराठी, हिंदी, संस्कृत किंवा इंग्रजी यांपैकी समोरच्याला सोयीच्या भाषेत चाले.

प्रार्थना समाजाशी वाद

१८६७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचा पश्चिम भारतातील सुशिक्षितांवर मोठा प्रभाव होता. मूर्तिपूजा व जातिभेद नाकारून एकेश्वराची प्रार्थना करणारा हा समाज कोणताही ग्रंथ ईश्वरप्रणीत मानत नसे. बंगालमधील ब्राह्म समाजाप्रमाणेच या समाजालाही उद्देशून गोऱ्हे यांनी मुंबई व पुणे येथे व्याख्याने दिली. ती १८७५ साली इंग्रजीत पुस्तकरूपाने आली.

ईश्वर पवित्र आहे, तो पित्याप्रमाणे प्रेम करतो आणि त्याने शून्यातून जग निर्माण केले, या कल्पना केवळ बुद्धीने किंवा उपनिषदांतून मिळालेल्या नाहीत. त्या ख्रिस्ती शिकवणीच्या संपर्कातून आल्या आहेत, असा त्यांचा मुख्य युक्तिवाद होता. फळ घ्यायचे आणि झाड नाकारायचे, ही भूमिका टिकणारी नाही असे त्यांना वाटे. समाजाच्या अनुयायांना हे मान्य होणे शक्य नव्हते, कारण संतपरंपरेतील भक्तीचा वारसा हा त्यांच्या उपासनेचा पाया होता. तथापि दोन्ही बाजूंनी हा वाद ग्रंथ व व्याख्यानांच्या पातळीवर चालला.

पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई १८८२ साली पुण्यात आल्या. पंचहौद येथील भगिनींशी त्यांचा परिचय झाला आणि गोऱ्हे यांच्याशीही त्यांची धर्मचर्चा झाली. संस्कृत शास्त्रांचे अध्ययन, चित्पावन ब्राह्मण कुटुंबातील जन्म आणि रूढ धर्माविषयी पडलेले प्रश्न या बाबतींत दोघांचा पूर्वेतिहास एकमेकांशी मिळताजुळता होता. १८८३ साली रमाबाई इंग्लंडला वाँटेज येथील भगिनींकडे गेल्या. तेथे असताना गोऱ्हे यांचे लेखन व पत्रे त्यांच्या वाचनात आली. आपल्या मनातील तात्त्विक अडचणी त्यांच्यामुळे दूर झाल्याचे रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई व त्यांची कन्या मनोरमा यांनी वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला.

दोघांचे मार्ग मात्र पुढे भिन्न झाले. त्रैक्याचा सिद्धांत, चर्चचा अधिकार आणि व्यक्तीचे विवेकस्वातंत्र्य या प्रश्नांवर रमाबाईंचे अँग्लिकन गुरुजनांशी मतभेद झाले. गोऱ्हे यांना ज्या अधिकारात आधार सापडला, तोच रमाबाईंना बंधनकारक वाटला. ख्रिस्ती धर्म ईश्वरदत्त असल्याला प्रमाण काय, या प्रश्नाचा विचार करणारे गोऱ्हे यांचे पत्ररूप लेखन रमाबाईंना उद्देशून आहे.

पंचहौद चहा प्रकरण

१८९० साली पंचहौद मिशनमधील एका कार्यक्रमास पुण्यातील अनेक प्रतिष्ठित हिंदू उपस्थित राहिले व तेथे त्यांना चहा देण्यात आला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि बाळ गंगाधर टिळक हेही त्यांत होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे पुणे वैभव या वृत्तपत्रात उघड केल्यानंतर सनातन पक्षाने शंकराचार्यांकडे तक्रार केली. प्रायश्चित्त घ्यावे की नाही, यावरून पुण्यातील ब्राह्मण समाजात दीर्घकाळ वाद चालला.

हे प्रकरण मुख्यतः सुधारक व सनातनी यांच्यातील संघर्षाचा भाग म्हणून सांगितले जाते. गोऱ्हे यांच्या जीवनाचा विचार करताना त्याला आणखी एक अर्थ प्राप्त होतो. ख्रिस्ती आवारातील चहाच्या एका पेल्याने समाजातील अग्रणींवर प्रायश्चित्ताची वेळ येत असे. त्यापूर्वी चार दशके पंक्तिव्यवहार कायमचा तोडणाऱ्या माणसाने कोणती किंमत मोजली असेल, याची कल्पना त्यावरून येते.

शंका आणि उपासना

गोऱ्हे यांच्या चरित्रातील सर्वांत लक्षवेधी बाब म्हणजे त्यांच्या शंका. बाप्तिस्म्याच्या सुमारास उद्भवलेले संशय धर्मगुरू झाल्यावरही थांबले नाहीत. ज्या तीक्ष्ण तर्काने त्यांनी इतरांची मते तपासली, तोच तर्क त्यांच्या स्वतःच्या श्रद्धेकडेही वळत असे. काउली संघातील सी. ई. गार्डनर यांनी लिहिलेल्या व १९०० साली प्रसिद्ध झालेल्या चरित्रात या मानसिक संघर्षाची नोंद आहे. धर्मांतरित विद्वानाचे चरित्र विजयगाथेच्या स्वरूपात लिहिण्याच्या त्या काळात ही नोंद वेगळी ठरते.

या शंकांमुळे गोऱ्हे यांनी उपासना सोडली नाही. विश्वासाचे प्रमाण प्रत्येकाने रोज नव्याने शोधण्यापेक्षा मंडळीची प्रार्थना, संस्कार आणि उपास यांच्या नियमात राहावे, ही भूमिका त्यांच्या उत्तरायुष्यात दृढ झालेली दिसते. ठरलेल्या शब्दांतील प्रार्थना म्हणणाऱ्याच्या मनःस्थितीवर अवलंबून नसते. ती मंडळीची असते. श्रद्धा तर्काच्या आधी येते, हा शास्त्रतत्त्वविनिर्णयातील तरुण पंडिताचा विचार अशा प्रकारे वेगळ्या धर्मात, परंतु त्याच माणसाच्या जीवनात टिकून राहिला.

हिंदू परंपरेविषयीचा उत्तरकालीन विचार

आयुष्यभर हिंदू दर्शनांचे खंडन करणाऱ्या गोऱ्हे यांनी उत्तरकालीन लेखनात एक वेगळा सूरही लावला. येशू ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाविषयीच्या १८८० च्या दशकातील पुस्तकात त्यांनी म्हटले आहे की, हिंदू परंपरेतील काही शिकवणुकींनी भारतीय मनाला ख्रिस्ती संदेश ग्रहण करण्यासाठी तयार केले. अनन्यभक्ती, वैराग्य, नम्रता आणि क्षमा या मूल्यांचा त्यांनी या संदर्भात उल्लेख केला. ईश्वर मानवरूप घेतो आणि भक्तासाठी सर्वस्वाचा त्याग करता येतो, या कल्पना हिंदूंना परक्या नाहीत, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. सिद्धांत चुकीचे असले तरी त्यांतून घडलेली वृत्ती मोलाची आहे, असा हा भेद होता.

निधन व कन्या

२९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबई येथे गोऱ्हे यांचे निधन झाले. त्याच वर्षी १० फेब्रुवारी रोजी मुंबईतच नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला होता. टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत गेले व त्यांनी अभंग आणि कीर्तन यांच्याद्वारे मराठी ख्रिस्ती उपासनेला नवे रूप दिले.

गोऱ्हे यांच्या कन्या एलेन लक्ष्मी गोऱ्हे १८८० साली भारतात परतल्या आणि अमृतसर व अलाहाबाद येथे त्यांनी धर्म व शिक्षणविषयक काम केले. १८९७ साली त्यांना डीकनेसपदाची दीक्षा मिळाली. इंग्रजी ख्रिस्ती भक्तिगीतांच्या कवयित्री म्हणून त्या प्रसिद्ध आहेत. त्यांचे निधन १९३७ साली झाले.

मूल्यमापन

भारतीय ख्रिस्ती धर्मशास्त्राचे अभ्यासक रॉबिन बॉइड यांनी १९६९ सालच्या आपल्या ग्रंथात गोऱ्हे यांना महत्त्वाचे स्थान दिले आहे. त्याच वर्षी बळवंत पराडकर यांचा गोऱ्हे यांच्या धर्मविचारांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. रिचर्ड फॉक्स यंग यांनी १९८१ साली मतपरीक्षेभोवती झालेल्या संस्कृत वादाचा अभ्यास करून धर्मांतरापूर्वीच्या गोऱ्हे यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. हिंदू पक्षाचे समर्थ प्रतिपादक आणि ख्रिस्ती पक्षाचे समर्थ प्रतिपादक असे दुहेरी स्थान त्यांना या इतिहासात आहे.

त्यांच्या कार्याच्या मर्यादाही दाखवल्या जातात. त्यांचे धर्मशास्त्र पाश्चात्त्य अँग्लो-कॅथलिक चौकटीतच राहिले. भारतीय परिभाषेत त्याची नवी मांडणी त्यांनी केली नाही. त्यांचे लेखन मुख्यतः पंडित व इंग्रजी शिकलेल्या वर्गासाठी होते. याउलट महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळींचा विस्तार अहमदनगर व लगतच्या मराठवाड्यातील खेड्यांत, प्रामुख्याने महार व मांग समाजांतून झाला. त्या लोकांपुढील प्रश्न व्यावहारिक सत्तेचा नव्हता; पाणवठा, शाळा आणि माणूस म्हणून मिळणाऱ्या वागणुकीचा होता. गोऱ्हे यांच्या ग्रंथांत या अनुभवाला फारसे स्थान मिळाले नाही.

अँग्लिकन मंडळी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या उत्तर भारत चर्चमध्ये विलीन झाल्या. पंचहौदचे पवित्र नाम चर्च आता या चर्चच्या पुणे धर्मप्रांताचे कॅथीड्रल आहे.

ग्रंथसंपदा

• शास्त्रतत्त्वविनिर्णय (संस्कृत, रचना १८४४-४५)
• वेदान्त मत का विचार और ख्रिस्तीय मत का सार (हिंदी)
• षड्दर्शनदर्पण (हिंदी, १८६०, इंग्रजी भाषांतर १८६२)
• ब्राह्म समाजाच्या अनुयायांना काशीच्या धर्मांतरित ब्राह्मणाचे पत्र (इंग्रजी)
• अनंत शिक्षेच्या सिद्धांतावरील आक्षेपांचा विचार (इंग्रजी)
• मुंबई व पुणे येथील चार व्याख्याने (इंग्रजी, १८७५)
• सुशिक्षित हिंदूंनी मानलेले हिंदू धर्माचे कल्पित व वास्तविक सिद्धांत (इंग्रजी)
• येशू ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाची प्रमाणे (इंग्रजी)